रांग कोणाची, ते आधी पाहा

मृग लागला की नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातल्या किराणा दुकानांत मुंग्यांच्या पावडरीची पाकिटं आणि खडूच्या कांड्या पुढच्या फळीवर येतात. पहिल्या सरींनी जमिनीतली बिळं भरतात, मुंग्या कोरडी जागा शोधत ओट्यावर, भिंतीवर, कुंड्यांखाली येतात, आणि माणसं हाताला लागेल ती पावडर टाकून मोकळी होतात. स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याभोवती हे मी समजू शकते. पण आता आमच्याकडे अंगणात, कंपाउंडमध्ये, झाडांच्या बुंध्यांशी, अगदी मुलांच्या खेळाच्या मैदानाच्या कडेलाही पांढऱ्या रेघा दिसतात. याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ भूतदयेपोटी नाही. रांग कोणाची हे न पाहता टाकलेली पावडर बहुतेक वेळा भलत्याच मुंगीला मारते, आणि जिने नुकसान केलं तिच्यापर्यंत पोचतही नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवलं. आता लॅम रोडच्या एका आतल्या गल्लीत राहते. जुन्या बंगल्याचं कंपाउंड मोठं आहे. चिंच, आंबा, कडुनिंब, आणि खाली वर्षानुवर्षं कुणी न खणलेली माती. इंग्रजांनी 1861 च्या सुमारास इथे छावणी वसवली, तेव्हापासून अशी कंपाउंडं कॅम्पात टिकून आहेत. या मातीत लष्करी मुंग्या राहतात असं मी सांगितलं की लोकांना मोबाइलवर फिरणारे आफ्रिकेतल्या किंवा ॲमेझॉनच्या जंगलातल्या मुंग्यांचे व्हिडिओ आठवतात आणि ते घाबरतात. काहींना मक्यावरची लष्करी अळी आठवते. ती पतंगाची अळी, तिचा इथे संबंध नाही. आपल्याकडच्या लष्करी मुंग्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. त्या इतक्या गुपचूप जगतात की आयुष्यभर त्यांच्यावरून चालणाऱ्या माणसालाही त्या ठाऊक नसतात.

लष्करी मुंगी कशी ओळखायची? इतर मुंग्यांत एखादी टेहळणी करणारी मुंगी एकटी भटकते, खाणं सापडलं की परत येऊन बाकीच्यांना नेते. लष्करी मुंग्यांत एकटीदुकटी कुणी फिरतच नाही. शोध, हल्ला, लुटीची वाहतूक, सगळं झुंडीने. दुसरं, यांचं वारूळ कायमचं नसतं. वसाहत जागा बदलत राहते. तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची: यांच्या राणीला कधीच पंख येत नाहीत. पावसाळ्यात पंखवाल्या मुंग्या बाहेर पडताना आपण पाहतो, त्यात राण्याही असतात. त्या उडून दुसरीकडे जातात आणि एकटीने नवा संसार थाटतात. लष्करी मुंगीच्या राणीला ते जमत नाही. वसाहत फार मोठी झाली की तिची दोन शकलं होतात आणि प्रत्येक शकल आपापली राणी घेऊन पायी निघतं.

भारतात या मुंग्यांच्या दोन मुख्य प्रजाती (जीनस) आहेत, एनिक्टस आणि डोरायलस. एनिक्टसच्या जाती आफ्रिकेपासून भारत आणि आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरल्या आहेत. डोरायलस मुळात आफ्रिकेतली प्रजाती, तिथल्या प्रचंड झुंडी याच प्रजातीतल्या. तिच्या मोजक्या जाती आशियात आहेत. त्यांतली डोरायलस ओरिएंटालिस 1835 साली वेस्टवुडने आणि डोरायलस लेबिएटस 1840 साली शुकार्डने भारतातल्या नमुन्यांवरून नोंदवली.

एनिक्टस मी माझ्याच ओट्यावर पाहिली. दुपारी पाऊस उघडला होता. शहाबादी फरशीच्या सांध्यात बारक्या तपकिरी मुंग्यांचं एक जुनं घर आहे, मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या असलेलं. शास्त्रात त्यांना फेडोली म्हणतात. एकाएकी त्या घरातून मुंग्या नुसत्या उसळून बाहेर आल्या. प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरी अळी नाहीतर कोष. त्या सैरावैरा धावत जवळच्या गवताकडे गेल्या आणि पात्यांच्या टोकावर चढून तिथेच पिल्लं धरून थांबल्या. मग सांध्याच्या दुसऱ्या टोकाला रांग दिसली. तीन मिलिमीटरच्या आसपासच्या, फिकट पिवळसर, लांब पायांच्या मुंग्या, जेमतेम बोटभर रुंदीच्या पट्ट्यात दोन प्रवाहांनी धावत होत्या. जाणाऱ्या रिकाम्या, येणाऱ्या भरलेल्या. भरलेली मुंगी कोष तोंडासमोर उचलून नेत नव्हती. तो पोटाखाली, पायांच्या मधे धरून वरून फेंगड्या चालीने पळत होती. एनिक्टसची ही सवय एकदा पाहिली की विसरत नाही. साखर, भात, मेलेलं झुरळ, कशाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे इतर मुंग्यांची पिल्लं.

एक उचलून भिंगाखाली धरली. कमरेला दोन गाठी. जिथे डोळे असायचे तिथे नुसतं गुळगुळीत कवच, डोळ्यांचा मागमूस नाही. रांगेतल्या दहा-बारा पाहिल्या, सगळ्या एकाच मापाच्या. ओल्या फरशीवर मी रांगेच्या आडवं बोट ओढलं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुंग्या त्या रेषेशी थबकल्या, एकमेकींवर चढल्या, मिशांनी फरशी चाचपू लागल्या. थोड्या वेळाने एकीला पलीकडचा वास लागला आणि रांग पुन्हा जुळली. आंधळ्या जिवांची ही सारी मोहीम वासावर आणि स्पर्शावर चालते. मुलांना मिशीचं काम शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

लष्करी मुंगी घर का बदलते याचं उत्तर शोधायला अमेरिकन शास्त्रज्ञ थिओडोर श्नेर्ला 1932 पासून पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर जात राहिले. तिथली इसिटन बर्चेली नावाची लष्करी मुंगी सुमारे 15 दिवस रोज मुक्काम हलवते आणि मग सुमारे 20 दिवस एका जागी थांबते. कारण पिल्लांच्या पोटात आहे. अळ्या भुकेल्या असल्या की वसाहत चालते. अळ्यांचे कोष झाले, खाणं थांबलं, की वसाहत थांबते आणि त्याच काळात राणी पुढची अंडी घालते. श्नेर्लांनी नंतर फिलिपाइन्समध्ये एनिक्टसचाही अभ्यास केला आणि तिथेही फिरस्ती आणि मुक्काम असे आलटून पालटून येणारे काळ त्यांना दिसले. भूक ठरवते कधी निघायचं ते. कुणी सेनापती नसतो, राणीही हुकूम देत नाही.

डोरायलस पाहायला मिळणं कठीण, कारण ती जवळजवळ सगळं आयुष्य मातीखाली काढते. तिचा नर मात्र कॅम्पात अनेकांनी पाहिलेला असतो. पावसाळी संध्याकाळी व्हरांड्यातल्या दिव्यावर एक जाडजूड, पिवळट तपकिरी, केसाळ कीटक येऊन आदळतो. भुईमुगाच्या शेंगेसारखं लांबट, वाकलेलं पोट, मोठे डोळे, पारदर्शक पंख. लोक गांधीलमाशी समजून चपलेने मारतात. त्याला नांगी नसते, तो कुणाला डसूच शकत नाही. हा गोंधळ आपलाच नाही. जगातल्या सजीवांना नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1764 साली आफ्रिकेतल्या अशाच एका नराची नोंद गांधीलमाशी म्हणून केली होती. नर, राणी आणि कामकरी मुंगी यांचं रूप इतकं वेगळं, की ही एकाच घरातली मंडळी आहेत हे कळायला शास्त्रज्ञांनाही फार वेळ लागला.

शिंगवे बहुला गावच्या एक शेतकरी ताई माझ्याकडे भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आल्या. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. म्हणाल्या, "बाई, शेंगा उपटल्या तर निम्म्या पोकळ निघाल्या बघा. वरून चांगल्या दिसतात. दुकानदार म्हणतो हुमणी आहे, औषध टाका." हुमणी मुळं खाते, झाड पिवळं पडून वाळतं. यांची झाडं हिरवीगार होती. मग वाळवी का? वाळवी शेंगेचं टरफल वरून खरवडते, शिरांमधला मऊ भाग खाऊन जाळी उघडी पाडते. या शेंगांवर खरवडल्याची खूण नव्हती. टरफलाला बारीक गोल भोक आणि आत दाणा नाही. मी त्यांना शेंगांच्या मुळाशी असलेलं ढेकूळ तसंच आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पांढऱ्या ताटात फोडलं तर आतून तांबूस मुंग्या निघाल्या. काही अगदी बारक्या, काही त्यांच्या दुप्पट-अडीचपट, डोकं जवळजवळ चौकोनी. भिंगाखाली कमरेला एकच गाठ, मिशा आखूड, डोळे नाहीत. ही डोरायलस. एकाच रांगेत लहान-मोठी मापं आणि कमरेची एकच गाठ, या दोन खुणांनी ती एनिक्टसपासून वेगळी ओळखता येते.

डोरायलस ओरिएंटालिस लष्करी मुंग्यांमधला अपवाद आहे. तिच्या भाऊबंदांचा भर शिकारीवर, ही मात्र वनस्पतीही मोठ्या प्रमाणावर खाते: बटाट्याचे कंद, भुईमुगाच्या शेंगा, कोबी-फ्लॉवरची मुळं आणि खोडाची साल. आसाम आणि नेपाळमध्ये बटाट्याच्या शेतकऱ्यांना ती चांगलीच परिचित आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने भुईमुगाच्या किडींत तिची नोंद केली आहे. आमच्या पट्ट्यात मात्र तिचं नाव कुणी घेत नाही, म्हणून नुकसानीचं खापर हुमणीवर फुटतं आणि मग औषधही हुमणीचं पडतं. पूर्वी अशा वेळी सर्रास फोरेट टाकलं जायचं. त्यावर आपल्या देशात 2020 च्या अखेरीस बंदी आली, आणि ती योग्यच होती. या मुंगीसाठी शेतकऱ्याच्या हातात साध्या गोष्टी आहेत: कच्चं शेणखत न घालता पूर्ण कुजलेलं घालणं, उन्हाळ्यात खोल नांगरट करणं, पीक तयार झालं की ते जमिनीत रेंगाळू न देणं. पण त्यासाठी ढेकूळ फोडून आधी पाहायला हवं. ताईंनी औषधाची बाटली परत केली, याचं मला फार समाधान वाटलं.

आता अंगणातल्या पावडरीकडे पाहा. डोरायलस असते मातीखाली. वर टाकलेल्या पावडरीने मरतात त्या वरच्या फेडोली, मुंगळे, छोट्या काळ्या मुंग्या, म्हणजे एनिक्टसचं अन्न असलेल्या आणि अंगणातले मेलेले किडे, पडलेलं बी उचलून नेणाऱ्या. डोरायलसच्या शिकारी जाती वाळवीवर हल्ला करतात, आणि कॅम्पातल्या जुन्या सागवानी छपरांना वाळवीची भीती किती, ते इथल्या प्रत्येक घरमालकाला माहीत आहे. तेव्हा हे विष टाकून आपण आपल्याच बाजूची फळी मोडतो आहोत.

आणखी एक मुंगी या गोंधळात बळी पडते. पावसाळ्यात सकाळी रस्त्याकडेला चकचकीत काळ्या मुंग्यांची लांबलचक रांग दिसते, फांद्या फुटलेली. ही लेप्टोजेनिस प्रोसेशनॅलिस. जर्डन या डॉक्टर-निसर्गतज्ज्ञाने 1851 साली तिला हे नाव दिलं. शिकार झुंडीने, मुख्यतः वाळवीची. वागणं पुष्कळसं लष्करी मुंगीचं, पण उपकुळ वेगळं. हिला डोळे आहेत आणि हातात धरली तर चांगली डसते. बेंगळुरूच्या के. एन. गणेशैया आणि टी. वीणा यांनी 1991 साली हिच्या रांगांच्या फांद्या कशा आखलेल्या असतात यावर शोधनिबंध लिहिला. ज्या रांगेवर आपल्या देशातल्या लोकांनी इतकं बारकाईने काम केलं, ती आपल्याकडे झाडूने लोटली जाते.

सगळ्या मुंग्या एकाच नावाखाली कशा मोजल्या जातात, हे 2022 मध्ये देशात दोनदा दिसलं. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात ब्राह्मणसाही गावात लाल मुंग्या इतक्या वाढल्या की काही कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्याच वर्षी तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यातल्या करंदमलाई डोंगराच्या पायथ्याच्या गावांत पिवळ्या वेड्या मुंग्यांनी गुराढोरांना हैराण केलं. बातम्यांत सगळ्याच "हल्लेखोर मुंग्या". पण पिवळी वेडी मुंगी पसरत जाणारी, बाहेरून आलेली उपद्रवी जात मानली जाते, तिचा बंदोबस्त करावाच लागतो. आपली एनिक्टस इथलीच, आणि तिच्यापासून माणसाला उपद्रव नाही. दोघींना एकच पावडर, हे अज्ञान आहे.

हे ज्ञान आपल्या मातीत एकेकाळी होतं, ही गोष्ट मला टोचते. मुंबई इलाख्यातले वन अधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी सह्याद्रीच्या परिसरात मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या ऑगस्ट फोरेल यांच्याकडे पाठवल्या. फोरेल झुरिकच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख आणि मुंग्यांचे मोठे अभ्यासक. त्यांनी 1890 साली एका एनिक्टसला रॉटन यांचं नाव दिलं. रॉटन यांनी 1892 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर लिहिलं. साताऱ्यात जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलेले आणि नंतर कस्टम खात्यात गेलेले एडवर्ड एटकेन यांच्या नावाचीही एक एनिक्टस आहे. 1903 साली कर्नल बिंगहॅम यांचा मुंग्यांवरचा ग्रंथ आला. या तिघांत एक वन अधिकारी, एक कस्टम अधिकारी आणि एक लष्करी अधिकारी. कुणी व्यवसायाने मुंग्यांचा शास्त्रज्ञ नव्हता. नोकरी सांभाळून, भिंग आणि स्पिरिटची बाटली घेऊन त्यांनी हे केलं.

आज पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात हिमेंदर भारती यांच्यासारखे लोक हे काम करत आहेत. 2016 साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतातल्या मुंग्यांच्या 100 प्रजातींतल्या 828 जाती-उपजाती आहेत, राज्यवार नोंदींसह. मग नाशिकसारख्या जिल्ह्यात, जिथे इतकी महाविद्यालयं आहेत, प्राणिशास्त्राच्या विभागांना आपल्या आवारातल्या मुंग्यांची यादी करायला काय हरकत आहे? खर्च जवळजवळ नाही. मलेशियात श्टेफनी बेर्गहॉफ यांनी जमिनीत जाळीच्या बादलीतून पामतेलाचं आमिष पुरून डोरायलसच्या भूमिगत वाटा शोधल्या. तेल आणि जाळीची बादली कुठल्याही शाळेला परवडते.

आता त्या बिनपंखी राणीकडे परत येते, कारण खरी काळजी तिथेच आहे. कावळा, पोपट, फुलपाखरू एका बागेतून हुसकलं तरी दुसरीकडून परत येऊ शकतं. साधी मुंगीही येते, तिची राणी उडत येते. लष्करी मुंगीची वसाहत एकदा संपली की तिथे नवी वसाहत यायची तर शेजारच्या मातीतून, पायी, अखंड जमिनीतूनच यावी लागते. मधे सिमेंटचा रस्ता, काँक्रीटची गटारं, भिंतीला भिंत लावून पेव्हर ब्लॉक असले, तर ती येत नाही. ब्राझीलमध्ये जंगलाचे तुकडे झाले तेव्हा छोट्या तुकड्यांतून इसिटन बर्चेली नाहीशी झाली आणि तिच्या झुंडीमागे फिरून पळणारे किडे टिपणारे पक्षीही गेले. आपल्या भूमिगत जाती अधिक चिवट आहेत, शेतातही टिकतात, हे खरं. पण माती तर लागतेच.

कॅम्पात ती माती अजून आहे, आणि त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात छावणीच्या नियमांना आहे. बांधकामावर बंधनं, मोठी कंपाउंडं, बहुल्याच्या बाजूला तोफखान्याच्या सरावासाठी राखलेला माळ. हिमाचलातल्या योल छावणीपासून 2023 मध्ये छावण्यांचे नागरी भाग वेगळे करण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि देवळालीबद्दलही चर्चा आहे. नागरिकांना सोयी मिळाव्यात, घरदुरुस्तीची परवानगी सुलभ व्हावी, या मागण्या रास्त आहेत. मीही इथेच राहते, मलाही त्या हव्यात. पण कारभार कुणाच्याही हाती जावो, पहिलं काम पेव्हर ब्लॉकचं निघतं हे आपण शेजारी नाशिकरोडला पाहिलं आहे. झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट, मैदानाच्या कडा बंद, पावसाचं पाणी मुरायला जागा नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने तर कामांचा वेग वाढला आहे. यावर आत्ताच बोललं पाहिजे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक मैदानांत, बागांत आणि शाळांच्या आवारात उघड्यावर कीटकनाशक पावडर टाकणं बंद व्हावं; इमारतीच्या आत, गरज असेल तिथे, ओळख पटवून उपाय करावा. झाडांभोवती आणि कंपाउंडच्या कडेने मातीचा सलग पट्टा मोकळा ठेवावा, आणि दोन कंपाउंडांच्या मधल्या भिंतींचा पाया सलग काँक्रीटचा न करता जागोजागी माती राहू द्यावी. शाळांनी पावसाळ्यात मुलांना एक भिंग, एक वही आणि स्पिरिटची एक छोटी बाटली द्यावी.

आणि घरोघरी एवढं करा. यंदा ओट्यावर रांग दिसली की पावडर उघडण्याआधी पाच मिनिटं तिच्याजवळ बसा. मुंग्यांना डोळे आहेत का, कमरेला एक गाठ आहे की दोन, सगळ्या एका मापाच्या आहेत की लहान-मोठ्या, तोंडात काय आहे, हे पाहून लिहून ठेवा. फोटो काढा, तारीख आणि जागा टाका, दोन-चार मुंग्या स्पिरिटमध्ये ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला नेऊन द्या. तुमच्या नोंदीने आपल्या जिल्ह्याची यादी सुरू होऊ शकते.